छेदातली मुलं

१९८२ च्या मे महिन्यात पूर्व लॉस एंजलिसमधल्या गारफील्ड हायस्कूलच्या अठरा मुलामुलींनी कॅल्क्युलसची एपी परीक्षा दिली. एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय हायस्कूलमध्येच शिकवायचा आणि वर्षअखेरीला त्याची देशभर एकच परीक्षा घ्यायची, ही पद्धत अमेरिकेत १९५० च्या दशकात रुजली. पेपर शाळेबाहेरचे परीक्षक तपासतात, गुण १ ते ५ असे दिले जातात आणि ३ मिळाले की मूल उत्तीर्ण मानलं जातं. गारफील्डची अठराच्या अठरा मुलं उत्तीर्ण झाली.

गारफील्ड ही मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांच्या वस्तीतली शाळा. अशा शाळेतून इतकी मुलं कॅल्क्युलसला बसतात आणि एकही नापास होत नाही, हे कुणाच्या सहज पचनी पडणारं नव्हतं. त्यातच एका प्रश्नाच्या उत्तरात अनेकांच्या चुका सारख्या निघाल्या आणि परीक्षा घेणाऱ्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसने कॉपीचा संशय घेतला. चौदा जणांना पत्रं गेली. त्यांतल्या बारा जणांनी उन्हाळी सुट्टी संपता संपता, जेमतेम उजळणी करून, पुन्हा पेपर दिला. बाराही जण पुन्हा उत्तीर्ण झाले.

या मुलांचे शिक्षक होते हाइमे एस्कलांते. बोलिव्हियातल्या ला पाझचे. मायदेशी भौतिकशास्त्र आणि गणित शिकवलेला हा माणूस १९६० च्या दशकात अमेरिकेत आला, तेव्हा तिथे त्याची पदवी चालेना. हॉटेलात फरशी पुसण्यापासून सुरुवात करून, नोकरी सांभाळत त्यांनी पुन्हा शिक्षण घेतलं आणि १९७४ साली गारफील्डमध्ये रुजू झाले. १९८८ साली त्यांच्यावर ‘स्टँड अँड डिलिव्हर’ हा सिनेमा आला आणि एस्कलांते हे नाव जगभर पोहोचलं. पण सिनेमा पाहून उठणाऱ्याला वाटतं की तळमळीच्या शिक्षकाने एक-दोन वर्षांत चमत्कार घडवला. प्रत्यक्षात १९७४ ते १९८२ अशी आठ वर्षं गेली होती, आणि चांगली शाळा ओळखायची असेल तर पाहायला हवीत ती हीच आठ वर्षं.

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये, म्हणजे नववी ते बारावीत, गणिताची एक ठरलेली उतरंड असते. बीजगणिताचा पहिला टप्पा, मग भूमिती, मग बीजगणिताचा दुसरा टप्पा, त्यानंतर त्रिकोणमिती आणि प्री-कॅल्क्युलस, आणि शेवटी कॅल्क्युलस. एका वर्षाला एक पायरी. नववीत बीजगणिताचा श्रीगणेशा करणारं मूल बारावी संपेपर्यंत प्री-कॅल्क्युलसपर्यंतच पोहोचतं. म्हणजे बारावीच्या वर्गात कितीही ताकदीचा शिक्षक उभा केला, तरी त्याच्यासमोर बसायला मुलंच तयार नसतात. एस्कलांतेंनी हे ओळखलं. त्यांनी खालच्या इयत्तांमधले गणिताचे शिक्षक जोडून घेतले, परिसरातल्या माध्यमिक शाळांमध्ये बीजगणित लवकर सुरू व्हावं म्हणून खटपट केली, आणि शेजारच्या ईस्ट लॉस एंजलिस कॉलेजमध्ये उन्हाळी वर्ग उभे केले. एका सुट्टीत एक पायरी ओलांडता येईल अशी त्या वर्गांची आखणी होती. मुख्याध्यापक हेन्री ग्रॅडिलास पाठीशी होते म्हणून हे सगळं निभावलं. १९८७ साली गारफील्डची पंचाऐंशी मुलं एपी कॅल्क्युलस उत्तीर्ण झाली. पुढे मुख्याध्यापक गेले, १९९१ साली एस्कलांतेही शाळा सोडून गेले, आणि काही वर्षांतच आकडे झरझर खाली आले. व्यवस्था उभी राहिली होती. ती टिकवणारी माणसं राहिली नाहीत.

ही सगळी हकिगत जवळून पाहणारा एक पत्रकार होता. जे मॅथ्यूज. वॉशिंग्टन पोस्टसाठी आधी चीनमधून बातम्या पाठवलेला आणि त्या काळात लॉस एंजलिसचं काम पाहणारा. गारफील्डने त्यांना असं धरून ठेवलं की पुढची सगळी कारकीर्द त्यांनी शाळांवर लिहिण्यात घालवली. एस्कलांतेंवरचं त्यांचं पुस्तक १९८८ साली आलं. नंतर ते न्यूयॉर्कजवळच्या मॅमॅरोनेक या सधन उपनगरातल्या हायस्कूलमध्ये जाऊन बसले, आणि तिथे त्यांना गारफील्डच्या अगदी उलटं चित्र दिसलं. शाळा नावाजलेली, शिक्षक उत्तम, एपीचे वर्ग भरपूर. पण त्या वर्गांच्या दाराशी पहारा होता. आधीच्या वर्षीचे गुण, शिक्षकाची शिफारस आणि प्रवेशचाचणी यांतून पार पडलेल्यांनाच आत जागा. अमेरिकन इतिहासाच्या एपी वर्गात बसू न दिलेल्या एका मुलीने घरी स्वतः अभ्यास करून ती परीक्षा दिली आणि ती उत्तीर्ण झाली.

मॅथ्यूज यांना यातून पडलेला प्रश्न साधा आहे. गारफील्डमधल्या मधल्या कुवतीच्या मुलाला जे अवघड शिक्षण मिळतं, ते मॅमॅरोनेकमधल्या मधल्या कुवतीच्या मुलाला मिळत नाही. मग यातली चांगली शाळा कोणती? लोकमत मॅमॅरोनेकच्या बाजूने होतं, कारण तिथले निकाल चांगले होते. पण ते निकाल शाळेचे होते की त्या गावातल्या घरांच्या उत्पन्नाचे?

या प्रश्नातून १९९८ साली ‘चॅलेंज इंडेक्स’ जन्माला आला आणि न्यूजवीक साप्ताहिकाने त्यावरून शाळांची यादी छापली. सूत्र इतकं सोपं की पोस्टकार्डावर मावेल. शाळेत त्या वर्षी एपी, आयबी किंवा तत्सम कॉलेजपातळीच्या किती परीक्षा दिल्या गेल्या तो आकडा अंशात. त्या वर्षी बारावी पूर्ण करून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची संख्या छेदात. भागाकार एक किंवा त्याहून जास्त आला की शाळा यादीत. आयबी म्हणजे जिनिव्हात १९६८ साली स्थापन झालेल्या संस्थेचा इंटरनॅशनल बॅकलॉरिएट अभ्यासक्रम. त्यात परीक्षांबरोबर चार हजार शब्दांपर्यंतचा एक स्वतंत्र प्रबंधही मुलाला लिहावा लागतो.

या सूत्रातली खरी गोम अशी की त्यात गुणांना जागाच नाही. किती परीक्षा दिल्या गेल्या एवढंच मोजायचं. किती मुलं उत्तीर्ण झाली हे मोजायचं नाही. पहिल्यांदा ऐकणारा चक्रावतो. मॅथ्यूज यांचं म्हणणं असं की उत्तीर्णांचं प्रमाण मोजायला घेतलं की शाळा पहिलं काम करते ते कच्च्या मुलांना बाहेर ठेवण्याचं. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून नववीतल्या कच्च्या मुलाच्या पालकांना बोलावून सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावणाऱ्या शाळा महाराष्ट्रात गावोगाव माहीत आहेत. मूल बाहेरून परीक्षेला बसतं, शाळेच्या निकालपत्रकात त्याचं नाव येत नाही, आणि जूनमध्ये फाटकावर शंभर टक्क्यांचा फ्लेक्स झळकतो. छेद लहान केला की अपूर्णांक मोठा होतो, हे पाचवीतलं गणित जगभरच्या शाळाचालकांना पक्कं येतं.

मॅथ्यूज यांच्या अंदाजाला संशोधनाचा आधार मिळाला तो लगेच दुसऱ्या वर्षी. अमेरिकेच्या शिक्षण खात्यातले संशोधक क्लिफर्ड अ‍ॅडेलमन यांनी १९९९ साली एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. १९८० साली दहावीत असलेल्या मुलांचा माग सरकारने १९९३ पर्यंत ठेवला होता. त्यांची हायस्कूलची आणि कॉलेजची गुणपत्रकं अ‍ॅडेलमन यांनी तपासली. प्रश्न कॉलेजात प्रवेश कुणाला मिळाला हा नव्हता; पदवी कुणाच्या हातात पडली, हा होता. उत्तर स्पष्ट निघालं. चाचणीतले गुण किंवा वर्गातला क्रमांक यांपेक्षा हायस्कूलमध्ये केलेला अभ्यास किती कसदार होता, याचा पदवीशी संबंध जास्त घट्ट होता. गणितात तर फारच. बीजगणिताच्या दुसऱ्या टप्प्याच्या पुढची एक जरी पायरी मूल चढलेलं असलं, तर कॉलेजात गेल्यावर पदवी पूर्ण होण्याची शक्यता दुपटीहून जास्त होती. आणि कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलांच्या बाबतीत कसदार अभ्यासक्रमाचं वजन अधिकच ठळक होतं. ज्यांना अवघड विषयांपासून ‘त्यांना झेपणार नाही’ म्हणून दूर ठेवलं जात होतं, त्यांनाच त्या विषयांची सर्वांत जास्त गरज होती.

हे वाचलं की मला मॅथ्यूज यांच्या बाजूने उभं राहावंसं वाटतं. मूल अवघड परीक्षेत २ गुण मिळवून नापास झालं, तरी कॉलेजात पहिल्यांदा चाळीस पानांचं वाचन समोर आल्यावर ते गांगरणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद मला पटतो. पण सूत्र एकदा जाहीर झालं की लोक सूत्रासाठी वागायला लागतात, आणि तिथून पुढचा इतिहास तितका सुखाचा नाही.

पहिली अडचण सरासरीची. समजा, एका शाळेतून चारशे मुलं बाहेर पडली आणि पाचशे एपी परीक्षा दिल्या गेल्या. भागाकार सव्वा, शाळा यादीत. आता या पाचशे परीक्षा तीनशे मुलांनी मिळून दिल्या असतील, किंवा शंभर हुशार मुलांनी प्रत्येकी पाच दिल्या असतील आणि उरलेल्या तीनशे मुलांनी एपीच्या वर्गाचं दारही पाहिलं नसेल. दोन्ही शाळांचा आकडा एकच. मॅथ्यूज ज्या पहाऱ्याविरुद्ध लढायला निघाले, तो पहारा तसाच ठेवून त्यांच्याच यादीत वर जाता येत होतं.

दुसरी अडचण छेदाची. छेदात फक्त बारावी पूर्ण केलेली मुलं. नववीत पाचशे होती आणि मधल्या चार वर्षांत शंभर गळाली, तर ती हिशेबात कुठेच नाहीत. उलट, ती गळाल्यामुळे आकडा सुधारतो. २००६ साली अँड्र्यू रॉदरहॅम आणि सारा मीड या दोघा अभ्यासकांनी न्यूजवीकच्या यादीवर हेच बोट ठेवलं: यादीत मानाने झळकणाऱ्या काही शाळांमध्ये गळतीचं प्रमाण मोठं होतं आणि श्रीमंत-गरीब मुलांमधली दरीही. मॅथ्यूज यांनी टीकेची दखल घेतली. बारावीच्या मुलांपैकी किती जणांनी निदान एका परीक्षेत ३ किंवा त्याहून जास्त गुण मिळवले, आणि शाळेतली किती मुलं सवलतीच्या जेवणास पात्र आहेत, हे आकडेही यादीत शेजारी छापले जाऊ लागले. सवलतीचं जेवण हे अमेरिकेत शाळेतल्या गरिबीचं माप मानलं जातं. हे दोन आकडे एकत्र वाचायला शिकलं, तर यादी बरीच बोलकी होते.

तिसरी अडचण पाटीची. वर्गाच्या दारावर एपी लिहिलं म्हणून आत एपीचा अभ्यास होतोच असं नाही. हा प्रकार इतका वाढला की ही परीक्षा चालवणाऱ्या कॉलेज बोर्डाला २००७ पासून प्रत्येक शाळेकडून अभ्यासक्रमाचा आराखडा मागवून तपासायला सुरुवात करावी लागली. त्याच सुमारास दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्कजवळच्या स्कार्सडेल हायस्कूलने एपी सोडून स्वतःचे प्रगत अभ्यासक्रम आखले, आणि २०१८ साली वॉशिंग्टन परिसरातल्या आठ नामवंत खासगी शाळांनी आपण एपी टप्प्याटप्प्याने बंद करत असल्याचं जाहीर केलं. परीक्षेच्या धबडग्यात विषय खोलवर शिकवता येत नाही, हे त्यांचं कारण. या शाळांना ते परवडतं. त्यांच्या नावावर कॉलेजं विश्वास ठेवतात. गारफील्डसारख्या शाळेला बाहेरच्या परीक्षेची साक्ष लागतेच.

यू. एस. न्यूज या नियतकालिकाने २००७ पासून आपली वेगळी यादी सुरू केली. २०१९ पासून ती सतरा हजारांहून अधिक सरकारी हायस्कूलांना क्रमांक देते. त्यातल्या गुणांपैकी तीस टक्के एपी-आयबीतल्या सहभागाला आणि यशाला, चाळीस टक्के राज्याच्या परीक्षांमधल्या कामगिरीला, आणि उरलेले अभ्यासक्रमाची व्याप्ती, वंचित गटांतल्या मुलांची प्रगती आणि बारावी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण यांना प्रत्येकी दहा टक्के. चाळीसपैकी निम्मा भाग मुलांची सामाजिक-आर्थिक परिस्थिती लक्षात घेऊन अपेक्षेपेक्षा कामगिरी किती सरस झाली यावर बेतलेला आहे, ही त्यातली जमेची बाजू. बाकी यादी मिश्रणाची असल्यामुळे शाळा नेमकी कशामुळे वर आली हे वाचकाला कळत नाही.

कोणत्याही यादीने जे दाखवलं नसतं ते २०१७ साली वॉशिंग्टनमधल्या बॅलू हायस्कूलमध्ये घडलं. शहराच्या गरीब दक्षिण-पूर्व भागातली ही शाळा. त्या वर्षी बारावी पूर्ण केलेल्या १६४ मुलांपैकी प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. शंभर टक्के. टीव्हीवर कौतुक झालं. नोव्हेंबरमध्ये तिथल्या सार्वजनिक रेडिओच्या पत्रकारांनी हजेरीची कागदपत्रं मिळवली, तेव्हा दिसलं की बारावी पूर्ण केलेल्यांपैकी निम्मी मुलं वर्षात तीन महिन्यांहून जास्त काळ विनापरवानगी गैरहजर होती. पाचातल्या एकाची गैरहजेरी हजेरीपेक्षा जास्त होती. एप्रिलमध्ये, म्हणजे वर्ष संपायला दोन महिने असताना, निकषांप्रमाणे बारावी पूर्ण करण्याच्या वाटेवर होती फक्त सत्तावन्न मुलं. बुडालेल्या विषयांची भरपाई घाईघाईच्या जोडवर्गांतून करून घेतली गेली; मुलांना उत्तीर्ण करण्यासाठी दबाव होता असं शिक्षकांनी सांगितलं. नंतरच्या चौकशीत संपूर्ण शहरातच त्या वर्षीच्या सुमारे एक तृतीयांश हायस्कूल प्रमाणपत्रं नियम डावलून दिली गेल्याचं निघालं.

मला यात राग येतो तो त्या मुलांच्या वतीने. त्यांना कुणी फसवलं असेल तर ‘तू तयार आहेस’ असं खोटं सांगून. कॉलेजचं प्रवेशपत्र मिळणं आणि कॉलेज निभावणं यांत किती अंतर आहे, हे त्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला कळण्याचा दुसरा मार्गच नव्हता.

हे अंतर हुशार मुलांच्या वाट्यालाही येतं. बोस्टन ग्लोब या दैनिकाने २०१९ साली आपल्याच शहरातल्या हायस्कूलांचे जुने पहिले शोधून काढले. २००५ ते २००७ या काळात आपापल्या शाळेत पहिली आलेली ही मुलं. ग्लोबनेच तेव्हा त्यांचे फोटो छापले होते. ११३ पैकी ९३ जणांचा माग लागला. जवळपास चौथ्या हिश्शाला सहा वर्षांत पदवी मिळवता आली नव्हती. एक चतुर्थांश मुलांना डॉक्टर व्हायचं होतं. एकही झालेलं नव्हतं. शाळेत पहिलं आलेलं मूल कॉलेजच्या पहिल्या रसायनशास्त्राच्या पेपरला कोसळतं, तेव्हा त्याची समजूत होते की आपल्यातच काही कमी आहे. त्याच्या शाळेत प्रयोगशाळाच नीट नव्हती, निबंध कुणी लाल शाईने खोडून पुन्हा लिहायला लावला नव्हता, हे त्याला ठाऊक नसतं. त्याच्या माहितीतल्या सगळ्यांत ते पुढे होतं.

स्वतःच्या मुलांचा असा माग ठेवून, आलेला आकडा लपवून न ठेवणारी एक संस्था आहे: केआयपीपी, म्हणजे ‘किप’. माइक फाइनबर्ग आणि डेव्हिड लेव्हिन या दोन तरुण शिक्षकांनी १९९४ साली ह्यूस्टनमध्ये ही सुरू केली. गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी, लांबलचक दिवस आणि कडक शिस्त असलेल्या शाळा. २०११ साली त्यांनी अहवाल काढला. दहा किंवा अधिक वर्षांपूर्वी त्यांच्याकडे आठवी पूर्ण केलेल्या मुलांपैकी चार वर्षांची पदवी किती जणांनी मिळवली? ३३ टक्के. अमेरिकेतल्या अल्प उत्पन्न गटातल्या मुलांचं प्रमाण तेव्हा ८ टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे हा आकडा चौपट. तरी ‘किप’ने तो यश म्हणून मिरवला नाही, आमचं उद्दिष्ट ७५ टक्क्यांचं होतं आणि आम्ही फार मागे आहोत, असं म्हणत त्यांनी तो मांडला.

त्यांच्या हिशेबातला छेद पाहा. आठवी पूर्ण केलेली प्रत्येक मुलगी, प्रत्येक मुलगा. नंतर ते दुसऱ्या शाळेत गेले, गाव सोडलं, कॉलेज अर्ध्यावर टाकलं, तरी छेदात आहेतच. या प्रामाणिक हिशेबामुळेच पुढची सुधारणा शक्य झाली. आपली मुलं कॉलेजात का गळतात याची कारणं त्यांना मिळाली: पैशांचे अर्ज चुकणं, घरची अडचण, आणि ज्या कॉलेजात गरीब मुलांची पदवी पूर्ण होण्याचं प्रमाण मुळात कमी आहे अशा ठिकाणी जाणं. मग शाळेने कॉलेजात गेलेल्या मुलांशीही संपर्क ठेवणारी माणसं नेमली, आणि कॉलेज निवडताना ‘इथे तुझ्यासारखी किती मुलं पदवी पूर्ण करतात’ हा प्रश्न आधी विचारायला सुरुवात केली.

शिकागोतल्या संशोधकांनी तर हायस्कूलचं पहिलं वर्षच भिंगाखाली धरलं. शिकागो विद्यापीठातल्या एलेन अ‍ॅलेन्सवर्थ आणि जॉन ईस्टन यांनी २००५ साली दाखवलं की नववीच्या अखेरीस दोन गोष्टी तपासल्या तरी पुष्कळ कळतं: मूल दहावीत जाण्याइतके विषय पूर्ण करून आहे का, आणि मुख्य विषयांत एकाहून जास्त सत्रांत नापास आहे का. या कसोटीला उतरलेली मुलं चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता न उतरलेल्यांच्या साडेतीनपट होती. आठवीपर्यंतच्या चाचणीतले गुण याच्यापुढे फिके होते. नववीत नापास होण्यामागे सगळ्यांत मोठा हात गैरहजेरीचा होता. आणि कोणतं मूल घसरतंय हे ऑक्टोबरमध्येच दिसतं, जूनची वाट पाहावी लागत नाही. शिकागोतल्या शाळांनी हे आकडे दर काही आठवड्यांनी पाहायला सुरुवात केली, शिक्षक एकत्र बसून एकेका मुलाचं नाव घेऊन बोलू लागले, आणि त्या शहरातलं हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण पुढच्या दशकात लक्षणीय वाढलं. मला एखाद्या शाळेत एकच बैठक पाहायला मिळणार असेल तर मी ही मागेन. पारितोषिक वितरण पाहून काही कळत नाही. नववीच्या चार शिक्षकांना एका मागे पडलेल्या मुलाबद्दल वीस मिनिटं बोलताना ऐकलं की शाळा कळते.

त्याच विद्यापीठातल्या २०२० सालच्या अभ्यासात हायस्कूलचा जीपीए, म्हणजे चार वर्षांतल्या सगळ्या विषयांची सरासरी, एसीटी या प्रवेशपरीक्षेच्या गुणांपेक्षा पदवीचं भाकीत कितीतरी चांगलं करते असं आढळलं. कारण उघड आहे. प्रवेशपरीक्षा एका शनिवारी सकाळी होते. जीपीए टिकवायला शेकडो दिवस उठून जावं लागतं, न आवडणाऱ्या शिक्षकाचाही गृहपाठ करावा लागतो, आजारपणात बुडालेलं भरून काढावं लागतं. कॉलेज नेमकं हेच मागतं.

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या घरखरेदीच्या चर्चेत शाळांचे क्रमांक हटकून येतात. एडिसन असो की प्रिन्स्टनशेजारचं वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो, अमुक शाळेच्या हद्दीत घर हवं म्हणून लोक लाखभर डॉलर जास्त मोजायला तयार होतात. याच वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोच्या शाळाप्रमुखाने २०१५ साली पालकांना दीर्घ पत्र लिहिलं. आदल्या वर्षात शंभराहून अधिक मुलांची मानसिक तपासणी करण्याची शिफारस शाळेला करावी लागली होती. त्यांनी हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठमुक्त केल्या, लहान वयात सुरू होणारा वेगवान गणिताचा वर्ग पुढे ढकलला. पालकांत उभी फूट पडली. आशियाई पालकांपैकी अनेकांना, त्यांत आपले भारतीयही आले, हे शिक्षण पातळ करणं वाटलं. त्यांची भीती मी समजू शकतो. दोन सूटकेस घेऊन गेलेल्या माणसाला अभ्यासाखेरीज दुसरी शिडी माहीत नसते. पण गारफील्डमध्ये जे अवघड शिक्षण मुलाला उंच नेत होतं, तेच अकरावीत सहा-सहा एपी विषय एकदम घेणाऱ्या मुलाची झोप खातं. शाळा मागे पडलेल्यांना वर ओढते का, हे जसं विचारायचं, तसं पुढे असलेल्याला ‘तीन पुरेत, बाकी वेळ वाच’ असं सांगणारा काउन्सेलर तिथे आहे का, हेही विचारायला हवं. अमेरिकेतल्या काउन्सेलरांच्या संघटनेने एका काउन्सेलरमागे २५० मुलं हे प्रमाण सुचवलं आहे. शाळेत ते किती आहे हे विचारलं तर उत्तर लगेच मिळतं.

काउन्सेलरचं महत्त्व शेवटच्या उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त. जूनमध्ये हायस्कूल संपतं, कॉलेज ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं, आणि मधल्या दोन-तीन महिन्यांत प्रवेश मिळालेली कितीतरी मुलं कॉलेजात पोहोचतच नाहीत. बेन कॅसलमन आणि लिंडसे पेज या संशोधकांनी या गळतीवर २०१४ साली पुस्तक लिहिलं. कारणं वाचून जीव हळहळतो: आरोग्यविम्याचा एक फॉर्म, वसतिगृहाची अनामत, आर्थिक मदतीच्या पत्रातली न समजलेली एक ओळ. घरात आधी कुणी कॉलेजात गेलेलं असेल तर या गोष्टी जेवताजेवता सुटतात. नसेल तर शाळा बंद, काउन्सेलर सुट्टीवर, आणि विचारायला कुणी नाही. मोबाइलवर वेळच्या वेळी पाठवलेल्या साध्या संदेशांनीही या गळतीला आळा बसल्याचं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. जुलैमध्ये कुणीतरी फोन उचलतं अशी शाळा मिळाली, तर तिचा यादीतला क्रमांक पाहायची मला गरज वाटणार नाही.

हे सगळं पालकाने शोधायचं कुठे? बरंचसं उघड्यावरच असतं. प्रत्येक राज्य आपल्या प्रत्येक सरकारी शाळेचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध करतं. न्यू जर्सीच्या अहवालात शाळा पूर्ण केलेल्यांपैकी किती जण लगेचच्या सत्रात कॉलेजात गेले, आणि सोळा महिन्यांनंतर किती जण कॉलेजात नोंदलेले होते, हे दोन्ही आकडे असतात. दोन वर्षांच्या कॉलेजात किती, चार वर्षांच्या किती, तेही असतं. आणि अल्प उत्पन्न गटातल्या मुलांची वेगळी ओळ असते. ती वेगळी ओळ आधी वाचावी. पदवी पूर्ण झाली का, हे मात्र बहुतेक वेळा शाळेलाच विचारावं लागतं. देशभरातल्या कॉलेजांच्या नोंदी एकत्र ठेवणारं नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊस १९९३ पासून आहे. शाळेने आपल्या जुन्या विद्यार्थ्यांची यादी पाठवली की कोण कुठे शिकतंय आणि कुणाला पदवी मिळाली, हे तिथून कळतं. तेव्हा शाळा पाहायला गेल्यावर मुख्याध्यापकांना शांतपणे विचारावं: दहा-अकरा वर्षांपूर्वी इथे नववीत आलेल्या मुलांपैकी आज किती जण पदवीधर आहेत? आकडा लहान असला तरी चालेल. तो त्यांच्याकडे आहे का, तो काढताना छेदात कोणकोण धरलं होतं, आणि आलेला आकडा पाहून पुढच्या वर्षी शाळेने काय बदललं, एवढं त्यांना सांगता यायला हवं.